चुकांचं गिऱ्हाईक

नाकाला शेंबूड, अंगात नुसतं बनियन, हातात चोखून अर्धं केलेलं बिस्किट, असा दोन वर्षांचा एक गृहस्थ चाळीच्या गॅलरीत उभा आहे. त्याच्यासमोर जाड भिंगांचा चष्मा लावलेला, चाळिशी उलटलेला दुसरा गृहस्थ उकिडवा बसून अत्यंत अदबीने विचारतो आहे, "माफ करा, आपण आत्ता काय म्हणालात?"

हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी आमची लालबागची चाळ पाहिलीच नाही, असं मी खुशाल म्हणेन.

उकिडवे बसणारे ते आमचे सर. जगातल्या सगळ्यांना ते 'आपण' म्हणत. मला, माझ्या आईला, जिन्याखालच्या मांजरीलासुद्धा. मूळचे गिरगावातले, त्यामुळे बोलणं असं, की रेडिओवरच्या बातम्या पायजमा घालून गॅलरीत फिरतायत. एकटा जीव, तिसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली. संपाच्या आधी ते माझ्या बाबांच्याच गिरणीत, हजेरी खात्यात होते. बाबा साच्यावर कापड विणत आणि सर जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडत. कोण कामगार कुठल्या पाळीला आला ते त्या भोकांवरून एका भल्या मोठ्या यंत्राला कळायचं. "मी माणसांची भोकं करून ठेवत होतो," असं ते पुढे कधीतरी म्हणत आणि स्वतःच दचकत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणाचं काही बिघडलं की चेहरा उजळायचा आणि ते म्हणायचे, "चुकलंय? म्हणजे विचार केलेला दिसतोय." एकदा आईची आमटी करपली तेव्हाही दारात उभं राहून त्यांनी हेच म्हटलं. आई म्हणाली, "विचार कसलो! डोळो लागलो माका."

करी रोडच्या पुलावरून चालताना ते पुटपुटत जात. "बसला, उठला, पडला, रडला, हसला..." पुलाच्या मध्यावर आले की एकदम थबकत, आभाळाकडे बघत आणि हळूच म्हणत, "...गेला." नव्या माणसाला वाटे यांच्या घरचं कोणीतरी वारलं. पुलाच्या तोंडाशी बसणाऱ्या केळीवालीला मात्र सवय झाली होती. ती ओरडायची, "मास्तर, गेला तो गेला! केळी घ्या!"

हे वेड त्यांना लागलं संपात, आणि ते लागताना मी डोळ्यांनी पाहिलं.

संपाबद्दल लोक मोर्च्यांचं सांगतात, भाषणांचं सांगतात. मला आठवतात त्या लांबलचक दुपारी. गिरण्या चालू होत्या तेव्हा बाबा आम्हाला झोपलेले दिसायचे, नाहीतर आम्ही त्यांना. संप झाला आणि एकाएकी चाळभर बाप. दारादारात एकेक बाप, हातांचं काय करावं ते न कळून बसलेला. पोरं बोलायला कशी शिकतात, हे गिरणगावातल्या कितीतरी बापांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

माझी धाकटी बहीण सुमी तेव्हा दोन-अडीच वर्षांची. संपाआधी ती रोज सकाळी टाळ्या पिटत "बाबा गेला!" म्हणायची. अगदी स्वच्छ. संपाच्या कितव्यातरी महिन्यात, बाबा समोरच बसलेले असताना, तिने त्यांच्याकडे बोट दाखवून ठणकावलं, "बाबा कामावर जाला!" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बाबांना नक्की काय झोंबलं देव जाणे. 'जाला' झोंबलं, की 'कामावर' झोंबलं. त्यांनी तिच्या कानाखाली एक दिली. म्हणाले, "चांगली बोलत होती, विसरली! घरात बसून पोरंपण मठ्ठ व्हायला लागली."

टोकाच्या खोलीतून सर अनवाणी धावत आले. "मारू नका! त्या विसरल्या नाहीत. त्या पुढे गेल्यात!"

"कोण पुढे गेल्यात?"

"सुमीताई! आधी त्या 'गेला' म्हणत होत्या तो पोपट होता. आता त्यांनी बसला, पडला, रडला ऐकून आपल्या मनाने एक रीत काढलीय. बसचं बसला, तर जाचं जाला. ही रीत त्यांना आपण शिकवलीत? मी शिकवली? त्यांनी स्वतः विणलीय हो! थोड्या दिवसांनी 'गेला' परत येईल, पण तेव्हा तो त्यांचा स्वतःचा असेल."

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सर, तुम्ही जरा पडा जाऊन."

सर पडले नाहीत. त्यांनी एक जाडजूड वही आणली आणि पहिल्या पानावर सुमीचं वाक्य लिहिलं.

संप कधी संपला ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही. काही गिरण्या सुरू झाल्या, काही अर्ध्यामुर्ध्या. बाबांना परत घेतलं नाही, सरांनाही नाही. सहा-सात वर्षं गेली. बाबा गॅलरीतल्या स्टुलावर बसून राहिले आणि सर कुठूनतरी कॉम्प्युटर शिकून आले. लालबागला एका टीव्हीच्या दुकानाच्या वर दुकानवाल्या शेठने कॉम्प्युटरचा क्लास काढला होता. सर तिथे शिकवायला लागले आणि टायपिंग पास झालेली मी तिथेच ऑपरेटर म्हणून चिकटले.

त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या. एसी माणसांसाठी नव्हता, मशीनसाठी होता. सर मे महिन्यात घामाने निथळत जिना चढत आणि आत शिरताना स्वेटर घालत. दुपारी एक ते चार क्लास रिकामा असे. ते तास शेठने सरांना दिले होते आणि त्या तासांत आम्ही एक बाळ वाढवत होतो.

बाळ म्हणजे सरांचा प्रोग्राम. त्याच्यात व्याकरणाचा एकही नियम नव्हता, हीच त्याची गंमत. त्याला नुसतं 'बस' द्यायचं आणि विचारायचं, कालची गोष्ट असेल तर काय म्हणशील? सुरुवातीला ते 'बसटट' असलं काहीतरी ओकायचं. मग त्याला खरा शब्द दाखवायचा, 'बसला'. त्याच्या पोटात बारीक बारीक आकड्यांची गर्दी होती. चुकलं की त्यातला प्रत्येक आकडा केसभर इकडे किंवा तिकडे सरकायचा. पुन्हा विचारायचं, पुन्हा सरकायचं. दिवसचे दिवस. मूल जसं ऐकून ऐकून शिकतं तसं यंत्र शिकतं का, आणि शिकताना मुलासारखंच चुकतं का, एवढंच सरांना बघायचं होतं.

मी हे घरी जेवताना सांगितलं तेव्हा बाबांचा घास हातात राहिला. किती दिवसांनी ते आपणहून बोलले. "म्हणजे ताणा. उभे धागे. एक जरा सैल, एक जरा घट्ट, बघत बघत लावायचे. साच्याला नियम कोण सांगतो? हात सांगतो." आणि मग, "सर येडा नाय दिसत."

माझं काम असं की सकाळी गॅलरीत बसून आया पोरांशी जे बोलतात ते उतरवून घ्यायचं आणि दुपारी त्यातले शब्द बाळाला भरवायचे. त्या दुपारी अजून माझ्या झोपेत येतात. तपकिरी पडदे ओढलेले, एसीची घरघर, पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांचा उजेड सरांच्या भिंगांत साचलेला. खाली रस्ता असेल असं वाटायचंच नाही, पाण्याच्या तळाशी बसलोय असं वाटायचं. एका फेरीला बराच वेळ लागे. सर गुडघ्यांवर हात ठेवून बसत, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसे. मग एक शब्द उमटायचा. पडला. बऱ्याच वेळाने, रडला. काही आठवड्यांनी, गेला. बरोबर आला तरी सर खूश नव्हते. "पोपट," म्हणायचे.

आणि एका दुपारी, आदल्या दिवशीपर्यंत नीट 'गेला' म्हणणाऱ्या त्या पडद्यावर 'जाला' आलं. कोणीही शिकवलेलं नसताना. सर उभे राहिले. बसले. पुन्हा उभे राहिले. "ऐकलंत?" ते कुजबुजले. "सुमीताई बोलल्या."

आता यापुढची गोष्ट सांगताना मला अजून हसू येतं, आणि ते येऊ नये असंही वाटतं.

बाळाच्या चुका पोरांच्या चुकांशी ताडून बघायच्या तर पोरांच्या पुष्कळ चुका हव्यात. सरांनी जाहीर केलं, जो कुणी लहान मुलाची चूक आणून देईल, किंवा स्वतः चुकेल, त्याला एक लिमलेटची गोळी. खोलीत बरणी आली. चाळीने सरांचं 'गोळीवाले सर' असं बारसं केलं. पहिले काही महिने धंदा सचोटीने चालला. मग नऊ-दहा वर्षांच्या झालेल्या आमच्या सुमीला शोध लागला, की चूक सापडायची वाट बघण्यापेक्षा ती बनवणं सोपं. जिन्याखाली कारखानाच निघाला. सुमी चुका बनवायची, चार-पाच वर्षांच्या पोरांकडून पाठ करून घ्यायची आणि रांगेने वर पाठवायची.

"मी आंबा आंबला."

"मांजरीने दूध दुधवलं."

"आजी तिसऱ्या मजल्यावर जिन्नली."

"जिन्नली!" सर लगबगीने वही उघडायचे. "पुन्हा एकदा म्हणाल का आपण?"

मला माहीत होतं. माहीत होतं कसलं, 'जिन्नली' माझीच होती. सुमीचा माल संपला होता म्हणून मी तिला दिली आणि त्यातली अर्धी गोळी खाल्ली. वीस-बावीस वर्षांची घोडी मी, पण सर वहीत लिहिताना जे तोंड करायचे ते बघण्यासाठी मी अशा आणखी शंभर दिल्या असत्या.

त्याची किंमत काय पडतेय ते मला कळत नव्हतं. वहीतल्या चुकांचा आलेख डोंगरासारखा चढत चालला आणि बाळ मात्र 'जाला', 'करला' यापलीकडे जाईना. 'दुधवलं'सारखं काही त्याला सुचेचना. सरांना वाटलं दोष बाळात आहे. त्यांनी त्याचे आकडे पिळायला सुरुवात केली. असे बदलून बघ, तसे बदलून बघ. चार महिने. बाळ बिथरलं, पुन्हा 'बसटट' करायला लागलं. एका दुपारी स्वेटरची बाही ओढत त्यांनी मला विचारलं, "आपल्याला काय वाटतं, बाळ मठ्ठ आहे का?"

मी कीबोर्ड पुसत राहिले.

अशात पत्र आलं. एका मोठ्या संस्थेला सरांनी आपल्या कामाबद्दल कळवलं होतं. तिथले दोघे येत्या शनिवारी बघायला येणार होते. पसंत पडलं तर त्यांच्याकडे जागा, बसायला टेबल, दिवसभर मशीन. नाही पडलं तर काय, ते शेठने आधीच सांगून ठेवलं होतं. "सर, दिवाळीनंतर दुपारचा टाइम आपल्याला पायजे. लग्नपत्रिकांचं काम घेतलंय." म्हणजे शनिवार हुकला की बाळही गेलं, आणि सरांचं उरलेलं आयुष्य तीच ती शिकवणी.

आणि गुरुवारी संध्याकाळी माझी आई सुमीला बखोटीला धरून सरांच्या दारात.

"मास्तरानू, काय शिकवलात माझ्या चेडवाक? आज तोंडी परीक्षा होती. बाईंनी विचारल्यानी तर ह्या भलताच बोलला आणि बाईंसमोर हात पसरल्यान! म्हणता, चुकलंय, गोळी द्या!"

सर आधी हसले. मग हसू तसंच राहिलं आणि त्याच्या मागचा चेहरा निघून गेला. ते उकिडवे बसले. "सुमीताई, आपण मुद्दाम चुकलात?"

"हो."

"इथेही मुद्दाम चुकायचात?"

सुमीला प्रश्नच कळला नाही. "मग मुद्दाम नाय तर कसं चुकणार, सर?"

मी पाठीमागे उभी होते. तोंडातून निघून गेलं, "जिन्नली माझी होती, सर."

त्यांनी मान वर केली. "आपली?" एवढंच म्हणाले, आणि दार लोटून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला नाही. ते मला जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी ते बरणी आणि वही घेऊन गॅलरीत येऊन बसले. दाढी केलेली नव्हती. पोरं दबकत जमली. सरांनी आधी सगळ्यांना एकेक गोळी दिली. "आज गोळी आधी, बोलणं नंतर. मी एकेक वाचतो. ज्याची असेल त्याने सांगायचं."

मला वाटलं पोरं घाबरतील. छे! ती तर फुलली.

"मांजरीने दूध दुधवलं."

"माझं! माझं ते!"

"खोटं बोलतो, सर! सुमीने दिलेलं त्याला!"

"मी आंबा आंबला."

"ते मी! मी स्वतः केलं, कोणाला विचारून नाय!"

सर एकेका ओळीवर आडवी रेघ मारत होते. मग त्यांनी वाचलं, "ताईने चहा करला," आणि नावावरून एका सहा वर्षांच्या पोराकडे पाहिलं. तो एकदम रागावला. "हे मी नाय बोललो. करला कोण बोलतं? मी काय छोटा आहे?" पुढचं 'येला'. तेही कोणाचंच नाही. 'मरला'? शपथ, नाही. पोरं गळ्याला चिमटा काढून सांगायला लागली. सरांची पेन्सिल थांबली. त्यांनी भराभरा पानं उलटली, थेट पहिल्या पानावर गेले. "सुमीताई. 'बाबा कामावर जाला.'"

सुमीने नाक उडवलं. "आईशप्पथ, हे माझं नाय. असं कोण बोलेल?"

"तू बोललीस." स्टुलावरून बाबांचा आवाज आला. ते आमच्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते. "मी कानाखाली दिलेली तुझ्या."

सुमी बाबांकडे आणि वहीकडे आळीपाळीने बघत होती. सर हळूहळू उठले, माझ्याकडे वळले आणि कालपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "ज्या मिरवतात त्या बनावट. ज्या आपल्या नाहीतच म्हणून शपथा घेतात, त्या खऱ्या. चला, बाळाकडे."

त्या दुपारी त्यांनी चार महिन्यांपूर्वीची फ्लॉपी काढली, पिळायला सुरुवात करण्याच्या आधीची. तिच्यावर बाळ जसंच्या तसं झोपलेलं होतं. त्याच्या चुका छापून घेतल्या. मी वहीतल्या शिल्लक ओळी वाचायच्या आणि सरांनी कागदावर शोधायच्या. जाडजूड वहीची जेमतेम चार-पाच पानं उरली होती. "करला," मी म्हणे. "करला," ते म्हणत. "येला." "येला." "मरला." कागद सरकल्याचा आवाज. "मरला." बाहेर काय वाजलं होतं कोण जाणे. पाढे म्हणता म्हणता मूल पेंगतं तसे आमचे आवाज बारीक होत गेले. शेवटी सरांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. "बाळ बरोबर चुकत होतं," ते म्हणाले, "आणि मी त्याला छळलं."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "गोळ्या मी वाटल्या होत्या."

शनिवारी सकाळी शेठने नवा आलेख बघितला आणि कपाळाला हात लावला. "सर, परवापर्यंत हा डोंगर होता! पाव्हणे यायच्या दिवशी टेकडी? थोडा उंच काढा ना, कोण मोजतंय?" सरांनी त्याला चहा सांगायला पाठवलं.

दोघे आले. पिकलेल्या केसांच्या एक बाई आणि त्यांच्याबरोबर एक टिपणं घेणारे गृहस्थ. दोघांनी चपला-बूट बाहेर काढले. बाईंनी चार-पाच पानं वाचली आणि विचारलं, "एवढ्याच?"

"बाकीच्या होत्या," सर म्हणाले. "त्या विकत घेतलेल्या निघाल्या." आणि त्यांनी सगळं सांगितलं. बरणी, जिना, रांग. माझं नाव तेवढं घेतलं नाही. रेघा मारलेली पानंही त्यांनी पुढे केली. बाई वाचत गेल्या आणि 'जिन्नली'शी इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी पडद्यामागे जाऊन उभी राहिले.

टिपणंवाले गृहस्थ मात्र हसले नाहीत. "ही पानं आहेत म्हणून कळलं. तुम्ही सगळंच वहीत राहू दिलं असतं तर आम्हाला कळलं नसतं."

"बाळाला कळलं होतं," सर म्हणाले. "मीच त्याचं ऐकलं नाही."

मग त्यांनी बाळाला चालू केलं, मी पडद्यामागून बाहेर आले आणि चौघेही आम्ही त्या हिरव्या उजेडात वाट बघत बसलो. बाई आपोआप गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या. मग दोघे निघाले. जिना उतरल्यावर बाईंच्या लक्षात आलं की त्या चपला वरच विसरल्या आहेत.

दिवाळीच्या तोंडावर पत्र आलं. तूर्त एक वर्षासाठी, पण जागा होती. सोमवारपासून.

सोमवारी सकाळी आईने सरांसाठी डबा भरला, चपात्या आणि वालाची उसळ. बाबा म्हणाले, "आण इकडे. मी स्टॉपपर्यंत नेतो." त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. खाली उतरून पाहते तर चाळीतले सगळे बाप्ये फाटकाशी. कामावर जाणाऱ्या माणसाला पोचवायला. बाबा पुढे, उजव्या हातात डबा, भराभर टाकलेली पावलं, पाळी चुकेल अशी. सर त्यांच्यामागे रिकाम्या हातांनी जवळजवळ धावत होते. बस आली. सरांना आत चढवलं, खिडकीशी बसवलं. कोणीतरी ओरडलं, "सर, नीट जावा!" पोरं बसबरोबर पळाली, सर सगळ्यांना हात जोडत राहिले आणि बस वळली.

तेव्हा आमच्या लक्षात आलं, डबा बाबांच्या हातातच आहे.

बाबांनी एकदा डब्याकडे पाहिलं. कोणाशी न बोलता ते घरी आले, डबा कोनाड्यात ठेवला आणि स्टुलावर बसले. गिरणीत जेवणाची सुट्टी व्हायची त्या वेळेला ते उठले. हात धुतले. आईने ताट वाढलं होतं, ते बाजूला सारून त्यांनी डबा घेतला आणि भिंतीला टेकून, मांडीवर ठेवून उघडला. आई काहीतरी बोलणार होती, मी तिचं मनगट दाबलं. बाबांनी सावकाश सगळं संपवलं, शेवटच्या तुकड्याने डबा पुसून काढला आणि झाकण घट्ट लावलं.

"उद्या दोन भर गो," ते म्हणाले.